रिलिव्हर आल्याशिवाय

मावशींनी त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही गोल पाहिला नाही. आमच्या टीमच्या त्या मॅनेजर. प्रत्येक मॅचला बेंचच्या टोकाला बसलेल्या, डोळे टक्क उघडे. पण चेंडू गोलच्या जवळपास पोचला की त्यांची मान हळूच दुसरीकडे वळायची. कधी लांब एकटीच उभ्या असलेल्या आमच्या गोलकीपरकडे, कधी कुंपणापलीकडे वाळत घातलेल्या चादरींकडे, तर कधी सरळ आभाळात. आम्ही गोल मारला की बेंचवरच्या पोरी त्यांच्या अंगावर जाऊन पडायच्या आणि मावशी त्या ढिगाखालून शांतपणे विचारायच्या, कुणी मारला गं?

मी एकदा कारण विचारलं. तर म्हणाल्या, "बॉलकडं काय बघायचं? त्याच्याकडं समदीच बघत्यात. जिच्याकडं कुणी बघत न्हाई, तिच्याकडं मी बघते."

मला हे वाक्य फारच आवडलं. मी ते टीममध्ये सगळ्यांना सांगितलं, एका मुलाखतीत स्वतःच्या नावावर ठोकूनही दिलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते कळलं त्या दिवशी मला कुठलंच वाक्य सुचत नव्हतं.

बायकांची व्यावसायिक फुटबॉल लीग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठाले दिवे आणि टीव्ही येतात. आमच्याकडे तळेगावच्या एमआयडीसीला चिकटून असलेलं एक मैदान होतं. एका बाजूला कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड, दुसऱ्या बाजूला लोणावळ्याकडे जाणारे रूळ. आम्ही आठ जणी मारुंजीत एका फ्लॅटमध्ये राहायचो. खालच्या मजल्यावरचे आयटीवाले कामावरून येऊन झोपायला जायचे तेव्हा आम्ही बूट हातात घेऊन जिना उतरायचो. बस सुटताना अजून उजाडलेलं नसायचं, आणि तळेगाव येईपर्यंत हिवाळ्यात असं धुकं उतरायचं की मैदान आहे की नाही तेच कळू नये. आम्ही गेटमधून आत शिरायचो, तर मावशी आधीच पोचलेल्या. आधी त्यांचे बूट ऐकू यायचे, मग त्या दिसायच्या.

कारण त्या सेफ्टी शूज घालायच्या. पुढे लोखंडी टोपी असलेले, कंपनीत देतात ते काळे बूट. वर पंजाबी ड्रेस, त्यावर कंपनीचाच राखाडी शर्ट, खिशावरचं नाव उसवून काढलेलं. गाडीच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या चाकणच्या एका कारखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. नोकरी सोडली, पण युनिफॉर्म सोडला नाही. त्या बुटांनी मावशी सरावात चेंडू परत मारायच्या, आणि तो पायावर घ्यायची हिंमत कुणाचीच व्हायची नाही.

त्या अवतारामुळे एक गंमत नेहमी व्हायची. बाहेरून आलेल्या टीमच्या लोकांना आम्ही "मावशी, मावशी" अशा हाका मारलेल्या ऐकू यायच्या आणि त्यांना वाटायचं ही साफसफाईची बाई. एका टीमच्या मॅनेजर साहेबांनी तर त्यांना पाणी आणायला सांगितलं. मावशींनी ताटलीत ग्लास ठेवून पाणी आणलं, साहेब पिईपर्यंत उभ्या राहिल्या, ग्लास परत नेऊन ठेवला आणि मग समोरच्या खुर्चीत बसून टीमची यादी काढली. म्हणाल्या, हं, बोला. त्या साहेबांनी पुढची दहा मिनिटं त्यांना इतक्यांदा मॅडम म्हटलं की मोजता येईना.

आमचे हेड कोच गोव्याहून आलेले होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांच्याकडे लायसन्स होतं, लॅपटॉप होता आणि खणखणीत आवाज होता. सराव सर घ्यायचे. पण सरावाआधीची दहा मिनिटं मावशींची. त्या आम्हाला मैदानाच्या मधोमध गवतावर उताणं झोपवायच्या. दवाने पाठ भिजायची. डोळे मिटायचे आणि ऐकायचं, बस. दहा मिनिटांनी त्या एकेकीला विचारायच्या, काय ऐकलं? कुणी म्हणायची टिटवी. कुणी म्हणायची लोकल गेली. मावशी म्हणायच्या, कुठल्या बाजूला गेली? भरलेली होती की रिकामी? कुठल्या शेडमधलं प्रेस मशीन आज उशिरा सुरू झालं? शेजारी झोपलेल्या पोरीचा श्वास कसा चाललाय, रात्री रडली का ती?

सुरुवातीला आम्ही झोपाच काढल्या. मावशी स्वतःही काढायच्या, त्यांचं घोरणं हा आम्ही ऐकलेला पहिला आवाज. पण महिन्याभरात काहीतरी झालं. त्या धुक्यात डोळे मिटून पडलं की मैदान हळूहळू अंगाखाली मोठं होत जायचं. रूळ, शेड, रस्त्यावरचे ट्रेलर, पलीकडच्या झाडावरचे बगळे, सगळं आपापल्या जागी येऊन बसायचं, आणि त्याच्या मध्ये आपण. मी पिंपरीत कंपनीवाल्यांच्या वसाहतीत वाढले, आयुष्यभर असले आवाज कानांवर पडत आले. पण ते ऐकायचे असतात हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं. इतकं सुख मला फुटबॉलने दुसऱ्या कशातूनही दिलेलं नाही.

मावशींना स्वप्नं पडायची. मॅचच्या आदल्या रात्री हमखास. सकाळी बसमध्ये त्या ती सांगायच्या आणि कुणी हसलं तर रागावायच्या नाहीत. स्वप्नातलं मैदान कधी पाण्याखाली असायचं, कधी कंपनीच्या छतावर. एकदा म्हणे दोन्ही टीम चपला घालून खेळत होत्या आणि रेफरी शिट्टीऐवजी भोंगा वाजवत होता. पण एक गोष्ट दर स्वप्नात तीच असायची. आमच्या टीममध्ये बारा जणी असायच्या.

"मोजलं की बारा भरत्यात," त्या म्हणायच्या. "बारावीचं त्वांड काय दिसत न्हाई. पाठमोरी असती."

सर एकदा वैतागून म्हणाले, बाराव्या खेळाडूवर आपल्याला दंड होईल. मावशींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, व्हय, म्हनूनच ती त्वांड दाखवत नसंल.

पण मावशी लीगभर माहीत झाल्या त्या स्वप्नांमुळे नाही, चार्जमुळे.

कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा कामगार येणाऱ्याला, म्हणजे रिलिव्हरला, चार्ज देतो. मशीनची खबर सांगतो आणि मग जागेवरून हलतो. मावशींनी हा नियम आमच्या बदली खेळाडूंना लावला. कुणाला बाहेर काढलं तर तिने आत जाणारीला समोर उभं करायचं, तिचे दोन्ही दंड धरायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या. काय नीट चाललंय. काय आवाज करतंय. आणि हात कुठं घालायचा नाही. तिन्ही सांगितल्याशिवाय बाहेर यायचं नाही, कारण रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नसतं. हे त्या अशा आवाजात सांगायच्या की त्यावर वाद घालावासा वाटायचा नाही. सरांनाही वाटला नाही.

फुटबॉलचा नियम मात्र उलटा आहे. बदललेल्या खेळाडूने जिथे उभी असेल तिथून जवळच्या रेषेने बाहेर पडायचं, वेळ घालवायचा नाही. आमच्या पोरी मात्र पार पलीकडच्या कोपऱ्यातून मधल्या रेषेपर्यंत चालत येणार, आत येणारीचे दंड धरणार आणि कुजबुजणार. रेफरी शिट्ट्या वाजवून दमायच्या. पिवळी कार्डं आम्ही हप्त्याने घ्यायचो. दुसऱ्या टीमच्या पोरी आम्हाला नमस्कार-चमत्कारवाल्या म्हणायच्या. पण आमच्याकडे आत गेलेली पोरगी पहिल्या मिनिटापासून खेळात असायची, चाचपडायची नाही. हे सरांनी लॅपटॉपवरही पाहिलं होतं, म्हणून ते गप्प होते.

घरच्या प्रत्येक मॅचला एक बाई यायच्या. पिंपरीहून लोकलने तळेगावला, तिथून रिक्षाने. रशिदाबी. नवऱ्याचं गॅरेज होतं, आता मुलगा बघायचा. डोक्यावर हिरवी ओढणी, हातात डबा. त्या आमच्या बेंचच्या मागे, जाळीला टेकून, पहिल्या ओळीत बसायच्या. मध्यंतरात मावशी उठून त्यांच्यासाठी थर्मासमधला चहा ओतायच्या. कोरा, बिनसाखरेचा, काळाकुट्ट. रशिदाबी तोंड वाकडं करत तो पूर्ण प्यायच्या आणि मावशी त्यांच्या डब्यातला खिमा-पाव मान खाली घालून खायच्या. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. मग साडेतीनचा भोंगा व्हायचा, आजूबाजूच्या कंपन्यांची पाळी सुटायची, आणि त्याच सुमाराला आमचा दुसरा हाफ सुरू व्हायचा. भोंगा झाला की मावशी जागेवर ताठ उभ्या राहायच्या, सवयीने. रशिदाबी डावा हात ओढणीत घ्यायच्या. हेही मी सीझनभर पाहत होते आणि मला त्यात काही दिसलं नाही.

आता शेवटच्या मॅचबद्दल सांगायला हवं, ते मी बराच वेळ टाळते आहे.

शेवटच्या मॅचमध्ये आम्हाला बरोबरी पुरेशी होती. एक पॉइंट मिळाला की लीगमध्ये राहणार, हरलो की खालच्या डिव्हिजनमध्ये. माझा हा शेवटचा सीझन हे माझ्या उजव्या गुडघ्याने आधीच ठरवलं होतं. पोरींसाठी टीम वर ठेवून जायचं, एवढंच मला हवं होतं. मी सेंटर बॅक, बचावात मधोमध. माझ्या समोर त्यांची सात नंबर होती, बारीकशी, डाव्या पायाची. ती डाव्या पायाने मारणार असं दाखवायची, आपण घसरून आडवं पडायचं, आणि ती मारायचीच नाही, आपल्या पायावर अडखळून झकासपैकी पडायची. पहिल्या हाफमध्ये मी फसले. बॉक्सच्या हातभर बाहेर होतो म्हणून पेनल्टी वाचली. पिवळं कार्ड मिळालं.

शून्य-शून्यवर दहा-बारा मिनिटं उरली आणि माझा गुडघा संपला. सरांनी माझ्या जागी प्रज्ञाला उभं केलं. प्रज्ञा एकोणीस वर्षांची, निगडीची. आजोबा आणि वडील दोघेही कंपनीत राबलेले, आणि ही त्यांच्या घरातली पहिली पगारी खेळाडू. चौथ्या पंचांनी नंबरची पाटी वर केली तेव्हा मी पलीकडच्या रेषेजवळ होते. रेफरीने हात दाखवून सांगितलं, तिथूनच बाहेर जा. मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लंगडत सगळं मैदान ओलांडून प्रज्ञाकडे आले. माझ्या नावावर पिवळं कार्ड आहे हे मला माहीत होतं. पण सीझनभर जे केलं ते शेवटच्या दिवशी न करणं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी तिचे दंड धरले. म्हटलं, गोलकीपरचा आवाज चांगला चाललाय, तिचं ऐक. म्हटलं, उजवी बाजू आवाज करतेय, तिकडची थकलीय, तिच्या मागे राहा. तिसरी गोष्ट माझ्या ओठांवर होती. सात नंबरवर बॉक्समध्ये घसरायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात शिट्टी झाली. रेफरी माझ्या खांद्यापाशी होती. दुसरं पिवळं, म्हणून लाल.

मी बाहेर, पण बदली म्हणून नाही. आम्ही दहा जणी झालो. सरांनी डोकं धरलं, मग पुढे खेळणारी एक पोरगी काढून प्रज्ञाला माझ्या जागेवर पाठवलं. लाल कार्ड मिळालेल्याने मैदानाजवळ थांबायचं नसतं. मला दोघींनी धरून ड्रेसिंग रूममध्ये नेऊन सोडलं. तिसरी गोष्ट माझ्याबरोबर आत आली.

त्या खोलीला खिडकी नव्हती, वर पत्र्याला एक झरोका होता. मी बाकावर आडवी झाले आणि डोळे मिटले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग मैदान अंगाखाली मोठं होत आलं. उजवीकडून आमच्या गोलकीपरची हाक. चेंडू हवेत, एक, दोन, छातीवर. सरांचा आवाज. मावशींचे बूट दोन पावलं पुढे. डावीकडे पळापळ, छोटी पावलं, फार हलकी, ती सातची. लोकल पुण्याच्या दिशेने गेली, निम्मी रिकामी. मला वाटलं हे असंच चालू राहावं. मी इथे झोपलेली, त्या तिथे खेळताहेत, कुणीच हरत नाहीये. खरंच त्या पाच-सात मिनिटांत मला एक गुंगी आली होती, लहानपणी तापात यायची तशी गोड.

मग ती हलकी पावलं आत वळली आणि थांबली. गवतावरून काहीतरी घसरत गेल्याचा लांब आवाज आला. मी तो आवाज ओळखला. शिट्टी झाली. त्यानंतर कितीतरी वेळ काही नाही. मग एकच धप्प, आणि जाळीच्या पलीकडच्या दहा-पंधरा पाहुण्यांच्या टाळ्या.

मॅच संपल्यावर मी बाहेर आले. पोरी जिथे होत्या तिथेच बसल्या होत्या. प्रज्ञा गोलपोस्टला टेकून गुडघ्यांत डोकं घालून होती, तिच्या जवळ जायला कुणाचं मन होत नव्हतं. मी मावशींच्या शेजारी बेंचवर बसले. जाळीपलीकडे रशिदाबी होत्या. मला वाटलं आता मावशी बोलतील, नियम आहे म्हणून डोळे मिटून पाळायचा असतो का असं काहीतरी. त्यांनी विचारलं, "तिसरं सांगितलंस?"

मी म्हटलं, नाही.

मावशींनी थर्मास उघडला, बंद केला. मग मैदानाकडे बघत त्या सांगू लागल्या. चाकणच्या कंपनीत त्या क्रिम्पिंगच्या मशीनवर होत्या. पेडल दाबलं की वरचा दट्ट्या खाली येतो आणि वायरीच्या टोकाला पिन बसवतो. त्या दिवशी मशीन चुकत होतं. एकदा दाबलं की मधूनच दोनदा खाली यायचं. त्यांच्या लक्षात आलं होतं, पण पाळी सुटायला थोडाच वेळ होता आणि मागच्या मैदानात दोन डिपार्टमेंटच्या बायकांची मॅच लागली होती. त्या पाच मिनिटं आधी उठल्या आणि पळाल्या. त्यांची रिलिव्हर आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. तिने बसून पेडल दाबलं.

"मी तवा गोल मारत व्हते," मावशी म्हणाल्या. "लई भारी गोल हुता."

रशिदाबींनी ओढणीतून डावा हात काढून जाळीवर ठेवला. दोन बोटं पहिल्या पेरापाशी संपत होती.

मावशी पुढे म्हणाल्या, "हिला वाटत राह्यलं हिचीच चूक. नवी हुती, घाबरली आसंल, असं समदी म्हनाली. मी बी गप बसले. बारा वरसं. बारा वरसं ही सवताला दोस देत हुती आन मी हिच्यासंगं डबा खात हुते."

रशिदाबींकडे बघून मी विचारलं, मग तुम्ही माफ कसं केलंत? त्यावर त्या हसल्या.

"माफ करायला येते की काय मी इथं? अगं, एवढ्या वर्षांत एकदा तरी ही चहात साखर टाकेल म्हणून येते."

मावशींना हसू आलं नाही. त्यांनी गोलपोस्टकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "ती बग तिकडं बसलीया. जा. आत्ताच जा. बारा वरसं लावू नगं."

मैदान ओलांडायला मला त्या दिवशी दुसऱ्यांदा फार वेळ लागला. मी प्रज्ञाशेजारी बसले आणि तिला तिसरी गोष्ट सांगितली, आणि हेही सांगितलं की ती मला पहिल्या हाफपासून माहीत होती. सगळ्यात आधी तीच सांगायला हवी होती. ओळीने जायच्या नादात राहिली. प्रज्ञाने मान वर केली. तिच्या गालावर चुना लागला होता. ती म्हणाली, "म्हणजे मी मूर्ख नाही." मी म्हटलं, नाही. मग ती खरी रडली. पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते मला योग्यच वाटलं.

आम्ही खाली गेलो. पण टीम मोडली नाही, क्लबने ती खालच्या डिव्हिजनमध्ये चालू ठेवली, आणि मावशींनी क्लबच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की आता मॅनेजर मी होईन. मला कुणी विचारलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला एकटीलाच मैदानावर बोलावलं. ऊन नुकतं आलं होतं. त्यांनी मला समोर उभं केलं, माझे दोन्ही दंड धरले. त्यांच्या हातांची बोटं किती बारीक झाली आहेत हे मला तेव्हा जाणवलं.

म्हणाल्या, नीट चालतीया ती प्रज्ञा. तिला कुणी काय शिकवायला जाऊ नका. म्हणाल्या, आवाज करत्यात ते सर. पण नुसता आवाजच आहे, मशीन चांगलं आहे.

मग त्या थांबल्या. मी वाट पाहत राहिले. एक मालगाडी आली आणि पूर्ण निघून गेली, इतका वेळ त्या माझे दंड धरून उभ्या होत्या.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"तिसरं ऱ्हाऊ दे."

"असं कसं, मावशी? तुमचाच नियम आहे."

"व्हय, हाय की," त्या म्हणाल्या. "तिसरं सांगितलं की मला घरी जावं लागंल."

त्यानंतर त्या रोज यायच्या. मॅनेजर मी, बेंचच्या टोकाला त्या. मी अधूनमधून विचारायची, आज सांगता का? त्या म्हणायच्या, सांगीन की, घाई हाय का तुला? मला घाई नव्हती. खरं सांगायचं तर मीच मनातून म्हणत होते, नका सांगू.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्या गेल्या. दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. चाकणजवळच्या त्यांच्या गावी आम्ही सगळ्या गेलो, सरही आले आणि तिथे प्रथमच त्यांचा आवाज निघाला नाही. ओट्यावर रशिदाबी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर तो थर्मास होता. मी त्यांच्याजवळ टेकले आणि न राहवून विचारलं, त्यांनी तिसरी गोष्ट तुम्हाला तरी सांगितली का?

रशिदाबींनी ओढणीने डोळे पुसले आणि त्याच ओढणीआड त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "मला तर तिनं त्या दिवशी पहिली पण सांगितली नव्हती गं."

मला तिची फार आठवण येते. बघा, मावशींना मी 'त्या' म्हणत आले आणि आता 'ती' झाली. माणूस गेलं की अंतर कमी होतं की काय कोण जाणे. मी पोरींना अजून गवतावर झोपवते. चार्ज अजून चालू आहे, फक्त क्रम बदलला आहे, हात कुठं घालायचा नाही ते आम्ही आता पहिल्यांदा सांगतो. रशिदाबी घरच्या मॅचला येतात. चहा मी करून नेते, कोरा, बिनसाखरेचा. त्या तोंड वाकडं करून पितात.

परवा खूप धुकं होतं. सरावाला अकराच जणी आल्या होत्या, बाकीच्यांना ताप होता. दहा मिनिटं झाली, मी उठा म्हटलं, आणि धुक्यात एकेक आकृती गवतावरून उभी राहिली. सवयीने मी मोजलं. बारा भरल्या. मला वाटलं चुकलं, म्हणून पुन्हा मोजलं, तर पलीकडच्या गोलजवळ एक पाठमोरी होती, गोलकडे न बघता आभाळाकडे बघत उभी. पुन्हाही बाराच भरल्या.

चार्ज अजून पुरा झालेला नाही, आणि नियम तिचाच आहे. मी शिट्टी वाजवून सराव सुरू केला. तिसऱ्यांदा मी मोजलं नाही.